कोंबडी मेली, सांगायचं कुणाला?

चिरनेरला कोंबड्या मारल्या त्याला बरेच महिने झाले, पण मोरा कोळीवाड्यातल्या एका घरात त्यावरून सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. वाद आत्या-भाचीचा आहे. आत्या मासळी विकते आणि परसात गावठी कोंबड्या पाळते. भाची परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकली, आता पुण्यात जनावरांच्या रोगनिदानाचं काम करते. परवा तिला मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जायचं होतं, पण ओहोटी लागलेली. बंदरात गाळ इतका साचतो की ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही, हे उरणकरांना नवीन नाही. भरतीची वाट बघत तिघं बसलो, आणि वाद जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला. मी शक्यतो गप्प राहिलो. राहवलं नाही तिथे मध्ये बोललो आहे.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरमध्ये (१९३० च्या जंगल सत्याग्रहाचं चिरनेर, तेच) कोंबड्या पटापट मरू लागल्या. नमुने पुण्याला आणि तिथून भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले. निदान झालं बर्ड फ्लूचं. नियमाप्रमाणे एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या, हजारावर, मारून पुरल्या. दहा किलोमीटरपर्यंतचा टापू देखरेखीखाली आला. मोऱ्यात कोंबड्या मेल्या नाहीत, पण चिकनवाल्यांचा धंदा बसला आणि मासळीचा भाव चढला. आत्याला त्या पंधरवड्यात दोन पैसे जास्तच मिळाले असतील. तरी ती चिडलेली आहे.

आत्या : मला एवढंच सांग. ज्या घरची एक पण कोंबडी आजारी नव्हती, त्या घरची का मारली?

भाची : आजारी दिसायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो म्हणून. विषाणू अंगात शिरल्यावरही कोंबडी एखाददुसरा दिवस दाणे टिपते, अंगणभर फिरते, आणि तेवढ्यात विष्ठेतून, लाळेतून तो सांडत राहते. शेजारणीची कोंबडी तुझ्या अंगणात येते की नाही?

आत्या : येते, आणि अंडं पण घालून जाते. म्हणून काय मी तिला मारू?

भाची : एका वस्तीतल्या मारल्या नाहीत तर दहा वस्त्यांतल्या मरतात. २००६ साली नवापूरला देशात पहिल्यांदा हा रोग निघाला. तिथे शेडच्या शेड रिकाम्या केल्या, लाखांनी कोंबड्या पुरल्या. पण तो तिथे आटोक्यात आला.

आत्या : नवापूरचे पोल्ट्रीवाले. त्यांचं कर्ज, त्यांचा हिशोब, त्यांची संघटना. माझ्या दहा कोंबड्यांची संघटना कोण काढणार? सरकार पैसे किती देतं ते सांग.

भाची : २०२१ साली ठरवलं होतं, अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीचे ९० रुपये, ब्रॉयलरचे ७०, अंड्याचे ३.

आत्या : नव्वद! गटारीला गावठी कोंबडा काय भावानं जातो ते माहीत हाय तुला? उद्या माझ्या खुराड्यात दोन मरून पडल्या, तर मी साहेबांना बोलवायचं, त्यांनी माझ्या आठ आणि शेजारणींच्या चाळीस मारायच्या, आणि मग वाड्यातल्या सगळ्या बायका माझ्या दारात. त्यापेक्षा दोन मेल्या त्या खाडीत टाकल्या, विषय संपला.

भाची : बघितलंत? मला हेच भांडण भांडायचं आहे.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, आणि मला वाटतं तिचं बरोबर होतं. पुढे दोघींनी बरंच काही काढलं, पण वादाचा गाभा आत्याच्या या एका वाक्यात होता. आत्या अडाणी नाही. दोन मेलेल्या कोंबड्यांची किंमत, न सांगण्याची किंमत आणि सांगण्याची किंमत, तिन्ही तिने मांडून बघितल्या आहेत. बर्ड फ्लूच्या निदानाला भोपाळमध्ये लागणारा वेळ गेल्या वीस वर्षांत पुष्कळ कमी झाला. परसातून फोन उचलेपर्यंत लागणारा वेळ मात्र या हिशोबावर ठरतो, आणि तो हिशोब कुठल्या यंत्राने बदलत नाही.

भाची : खाडीत टाकलेली कोंबडी कोण खातं? घार, कावळा, कुत्रं. त्याच जानेवारीत उदगीरला पन्नासेक कावळे मेले, तपासले तर तोच विषाणू. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्याला तीन वाघ आणि एक बिबट्या गेला. तोच. संशय त्यांना घातलेल्या कोंबडीच्या मांसावर.

आत्या : वाघाला पण कोंबडीचा रोग?

भाची : मांजरकुळाला हा फार वाईट लागतो. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला घरची पाळीव मांजरं मेली. तुझ्याकडे किती आहेत?

आत्या : माझी म्हणशील तर एक. येणारी चार. मासळीच्या घरात मांजरं मोजायची नसतात.

भाची : आणि ती खुराड्याच्या मागेच झोपतात.

आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं ते मला आधी सुचलं नव्हतं.

आत्या : मासळीत येतो का?

भाची : नाही. मासळीचे, कोलंबीचे विषाणू वेगळे. खाजणातल्या कोलंबीवर पांढरे ठिपके पडून तळंच्या तळं मरतं ना, तोही विषाणूच, पण माणसाला काही करत नाही. तुझा धंदा सुरक्षित आहे.

आत्या : मग कोंबडीचाच का माणसाला येतो?

भाची : येतो असंही नाही म्हणता येत. २००३ पासून २०२५ पर्यंत सगळ्या जगात एच५एन१ ची, म्हणजे याच बर्ड फ्लूची, माणसाला लागण झाल्याची नोंद हजाराच्या आत आहे. मात्र त्यातली जवळजवळ निम्मी माणसं गेली. आपल्याकडे २०२१ मध्ये हरियाणाचा एक मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये दगावला, तो देशातला पहिला. मार्च २०२५ मध्ये आंध्रात पालनाडू जिल्ह्यातली दोन वर्षांची मुलगी. तिला कोंबडी कापताना कच्चा तुकडा चाखायला दिला होता असं तपासात पुढे आलं.

आत्या : बावीस वर्षांत हजार नाय, आपल्या देशात तर बोटावर मोजण्याएवढी. उरण-पनवेल रस्त्यावर कंटेनरखाली किती जातात ते मोज. त्याला कुणी एक किलोमीटरचं वर्तुळ काढत नाय.

भाची : बरोबर.

आत्या : बरोबर काय? मग कशाला एवढं?

भाची : कारण कंटेनर रोज एकेकाला मारतो, पण तो शिकत नाही. विषाणू शिकतो. म्हणजे, शिकतो हा शब्द चुकीचा आहे, माझे सर रागावतील. तो आपल्या नकला काढताना चुका करतो, आणि त्यातली एखादी चूक त्याच्या कामी येते. हे बघ, लाँच धक्क्याला लागते तेव्हा खलाशी दोर खुंट्यात अडकवतो. खुंटा त्या मापाचा नसला तर दोर घसरतो, लाँच लागत नाही. विषाणूच्या अंगावर तसे दोर असतात. पक्ष्याच्या आतड्यात एका तऱ्हेचे खुंटे, आपल्या नाकाघशात दुसऱ्या तऱ्हेचे. बर्ड फ्लूचा दोर पक्ष्यांच्या खुंट्याचा. आपल्याकडे तसले खुंटे आहेत, पण खोल फुप्फुसात आणि डोळ्यात. म्हणून माणसाला सहजी लागत नाही, लागला तर खोल जातो, आणि खोलातून खोकल्यावाटे दुसऱ्याला सहज जात नाही.

आत्या : डोळ्यात?

भाची : हो. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये हा गाईंमध्ये सापडला. गाईंमध्ये! कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. कासेत शिरला, दूध दाट पिवळं पडलं, आणि पुढे हजारावर गोठ्यांत पसरला. धारा काढणाऱ्या मजुरांना काय झालं, तर बहुतेकांचे डोळे लाल. दुधाचे शिंतोडे डोळ्यात उडतात. आणि त्या गोठ्यांतलं कच्चं दूध प्यायलेली मांजरं मेली.

आत्या : परत मांजरंच.

भाची : डिसेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. गाईंमधल्या या विषाणूच्या दोराच्या प्रथिनात नेमक्या एका जागी एकच बदल केला, तर तो पक्ष्यांचा खुंटा सोडून माणसाचा खुंटा धरतो.

आत्या : एकच?

भाची : एकच. पण घाबरू नकोस. त्यांनी फक्त ते प्रथिन तपासलं, जिवंत विषाणू बनवला नाही. माणसातून माणसात पसरायला आणखी बऱ्याच गोष्टी जुळाव्या लागतात.

या ‘पण’वर मला बोलावंसं वाटलं. त्या डिसेंबरात निम्म्या वर्तमानपत्रांनी पहिलं वाक्य छापलं, दुसरं गाळलं. उरलेल्यांनी काहीच छापलं नाही. आत्यासारखा वाचक मग दोन टोकांपैकी एक धरतो, एक तर जगबुडी नाहीतर थोतांड. भाचीने दोन्ही वाक्यं एका दमात सांगितली आणि आत्याने दोन्ही नीट ऐकून घेतली. संशोधनाची बातमी लोकांना कळत नाही, ही तक्रार मला त्यानंतर जरा आळशीपणाची वाटू लागली आहे.

भाची : आणि ही समोर मुंबई दिसते ना, १९१८ च्या जूनमध्ये तिथल्या गोदीवरच्या पोलीस शिपायांपासून तापाची साथ मुंबईत दिसायला लागली. पुढे देशात कोटीच्या वर माणसं गेली. ती फ्लूचीच साथ होती, आणि तिच्या विषाणूचं मूळही पक्ष्यांकडेच जातं.

आत्या : आमच्या आजेसासूच्या तोंडी होती ती मानमोडी. घरात एकाला न्यायचं तर दुसरा पडलेला. ते ठीक. पण पक्ष्यांकडून, पक्ष्यांकडून, हे तुम्ही बोलता ना, त्याचा मला संशय येतो. पाणजेचं पाणी अडवून ती पाणथळ सुकवायला कोण टपलंय ते अख्ख्या उरणला माहीत हाय. त्यांना तर बरंच, पक्षी रोग आणतात म्हणायला.

भाची : तसं म्हणायला आम्ही मदत करत नाही. जंगली बदकं, पाणपक्षी हा विषाणू घेऊन लांब येतात हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर हत्ती सीलची सतरा हजारांच्या आसपास पिल्लं मेली, तिथे काही कोंबड्यांची पोल्ट्री नव्हती. पण एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये विषाणू बगळा नेत नाही. टेम्पो नेतो, न धुतलेले पिंजरे नेतात, खाद्याची गोणी, आपल्या चपला. आणि पाणथळ सुकवली की पक्षी जातात कुठे? उरलेल्या डबक्यावर दाटीने बसतात, गावतळ्यावर येतात, तुझ्या कोंबड्यांच्या आणखी जवळ.

आत्या : हे तुझ्या साहेबांना लिहून दे.

भाची : लिहिलेलं आहे. वाचतं कोण?

इथे दोघींचं एकमत झालं आणि वाद मेला असता, पण आत्याने नवा काढला. तिचं म्हणणं, लस द्या. माणसाला देता, गाईला लंपीत दिली, कुत्र्याला देता, मग कोंबडीला मारून का टाकता? भाचीने सांगितलं की चीन देतो, फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना द्यायला सुरुवात केली, भारतातही भोपाळच्या संस्थेने एच९एन२ या सौम्य भावंडावर लस काढली आहे. पण एच५एन१ ला लस दिलेली कोंबडी मरत नाही तरी तिच्या अंगात विषाणू थोडा थोडा वाढत राहू शकतो, आणि तिच्याकडे बघून कुणाला कळत नाही. मरतूक हीच आज आपली घंटा आहे, ती बंद पडते. शिवाय कोंबडी निर्यात करणाऱ्यांची अडचण. आत्याला निर्यातीत रस नव्हता. घंटेचा मुद्दा मात्र तिने पकडला.

आत्या : मरतूक ही घंटा, होय ना? मग ऐक. माझ्या कोंबड्या दर उन्हाळ्यात मरतात. मान वाकडी होते, हिरवं हगतात, दोन दिवसांत खुराडं रिकामं. सासूच्या पण मरायच्या. आम्ही त्याला पण मानमोडीच म्हणतो. तुझी घंटा इथे दर साली वाजते. कनच्या वेळी तुला बोलवू?

भाची : तो राणीखेत.

आत्या : काय पण असो.

भाची : नाही, ते महत्त्वाचं आहे. राणीखेत हा दुसराच विषाणू. कुमाऊँतल्या राणीखेतला १९२७ साली सापडला म्हणून आपल्याकडे ते नाव. माणसाला त्याने फार तर डोळे येतात. पण कोंबडीत राणीखेत आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी ओळखायचे तर मलाही जमणार नाही. तीच वाकडी मान, तीच हगवण, तीच रात्रीत मरतूक.

आत्या : मग मला कसं जमेल?

भाची : ...नाही जमणार.

आत्या : मग मी खाडीत टाकते ते चुकीचं कसं?

भाचीकडे याचं उत्तर नव्हतं. मला सिंधुदुर्ग आठवला. दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडताप आला. हा विषाणू १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, आजच्या एनआयव्हीने, शोधून काढला. जंगलात माकडं मरू लागली, इथून त्या शोधाची सुरुवात झाली. दोडामार्गात आजही काजूच्या बागेत मेलेलं माकड दिसलं की माणसं कळवतात, कारण माकडं दर उन्हाळ्यात अशी मरत नाहीत. मेलेलं माकड ही बातमी आहे. मेलेली कोंबडी ही बातमी नाही. हे मी दोघींना सांगितलं. भाची उठून उभी राहिली.

भाची : राणीखेतला लस आहे. लासोटा. आठवड्याच्या आतल्या पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब, मोठ्या कोंबड्यांना पुढे पाण्यातून. स्वस्त आहे, जुनी आहे, चालते.

आत्या : माहीत हाय. मागे एकदा विचारली होती. बाटली शंभर कोंबड्यांची येते. माझ्या दहा. फोडली की तासा-दोन तासांत संपवायची. नव्वद कोंबड्यांची लस मी खाडीला पाजू?

पोल्ट्री वैद्यकावरच्या परिषदांमध्ये विषाणूच्या जनुकांवर सत्रं होतात, व्हायलाच हवीत. बाटलीच्या आकारावर होत असतील तर मला ऐकायला आवडेल. शंभर मात्रांची बाटली ही पाच हजार कोंबड्यांच्या शेडच्या सोयीची वस्तू. दहा कोंबड्यांच्या बाईला ती कुचकामी आहे. त्यामुळे तिच्या कोंबड्या दर साली राणीखेतने मरतात, म्हणून मरतुकीचं तिला काही वाटत नाही, आणि ज्या साली मरतूक राणीखेतची नसेल त्या सालीही वाटणार नाही. नागपूरला माणूस-पशू-पर्यावरण एकत्र बघणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी २०२२ मध्ये झाली. तिच्या पहिल्या दहा प्रकल्पांत छोटी बाटली असावी असं माझं मत आहे.

भाची : वाड्यात कोंबड्या किती जणींकडे आहेत?

आत्या : माझ्याकडे, वरच्या आळीत चौघीजणी, देवळामागे दोघी. आणखी असतील. शंभर होतात. जास्तच होतील.

भाची : मग एक बाटली सगळ्यांत. एका सकाळी, एका तासात. फक्त ती थंड ठेवावी लागते, दोन ते आठ अंशात, दुकानापासून खुराड्यापर्यंत. खेड्यात तिथेच घोडं अडतं.

आत्या : कोळीवाड्यात तू मला बर्फाचं सांगतेस?

भाची : थर्माकोलची पेटी...

आत्या : पंधरा पडल्यात घरात. वास येईल पापलेटचा, चालेल ना तुझ्या लसीला?

भाची : बाटली बर्फाला थेट लावायची नाही. कागदात, मग प्लास्टिकमध्ये. आणि औषधाचं पाणी पण गारच.

आत्या : पापलेट मुंबईला धाडते मी, लस नाय सांभाळणार? पण मला एक कळलं नाय. याने तुझा बर्ड फ्लू थांबतो का?

भाची : नाही. अजिबात नाही. फक्त राणीखेत थांबतो.

आत्या : म्हणजे मग ज्या दिवशी मरतील त्या दिवशी ते दुसरं काहीतरी असणार.

भाची : हो. आणि त्या दिवशी खाडीत टाकायच्या नाहीत, हात लावायचा नाही, मांजरांना लांब ठेवायचं, आणि १९६२ ला फोन करायचा. जनावरांच्या दवाखान्याची हेल्पलाइन.

आत्या : तुला करीन. त्या नंबरवर कोण उचलेल मला माहीत नाय.

भाची : मला केलास तरी मी त्यांनाच करणार.

आत्या : तू कर. पण नव्वद रुपयांचं काय?

भाची : ते माझ्या हातात नाही, आत्या.

आत्या : मग फोनचं पण पक्कं धरू नको. लसीचं धर.